नांवाचें कार्ड : तें कसें छापून घ्यावें



मार्गशीर्षांत दत्तजयंतीला तापीकांठीं सारंगखेड्याची यात्रा भरते. एकमुखी दत्ताच्या दर्शनाला जशी गर्दी लोटते, तशीच ती येथील घोड्यांच्या बाजारालाही लोटते. मारवाडी, काठेवाडी, नुकरा अशा नाना जातींचीं जनावरें येथें उभीं असतात, आणि त्यांना पारखणारीं गिऱ्हाइकें राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, पंजाब, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या प्रदेशांतून येतात. जनावराचे दांत पाहिले जातात, चाल पाहिली जाते, भोंवरे न्याहाळले जातात, भाव ठरतो आणि घोडा परप्रांतीं निघून जातो. मागें उरतो तो विकणाराचा शब्द. पुढें घोड्यानें चारा टाकला, किंवा एखाद्या खोडीनें तो अडूं लागला, तर घेणारानें विचारावयाचें कोणाला? त्याच्या खिशांत विकणारानें दिलेलें तीन बोटें रुंदीचें एक कार्ड असतें. तेवढाच काय तो दोघांमधला दुवा. त्या कार्डावरचा आंकडा पुसट झाला, किंवा भलताच वाचला गेला, तर घेणाराची अडचण होते आणि विकणाराची पत जाते. व्हिजिटिंग कार्ड हें त्याचें नांव आतां सर्वांच्या तोंडीं बसलें आहे. मी नुसतें कार्ड म्हणेन. तें चांगलें कसें छापून घ्यावें, एवढाच आजचा विषय आहे.

छापखान्यांत गेल्याबरोबर बहुतेक गृहस्थ एकच प्रश्न विचारतात : 'तुमच्याकडे सर्वांत उत्तम छपाई कोणती?' मालक नमुन्यांची वही पुढें ठेवतो, त्यांत सोनेरी अक्षरांचा, मखमली स्पर्शाचा, चकचकीत लेपाचा एखादा नमुना डोळ्यांत भरतो, आणि तोच छापावयास सांगून गृहस्थ घरीं येतो. परंतु हा प्रश्नच मुळीं अपुरा आहे. घोड्यांच्या बाजारांत येऊन 'सर्वांत उत्तम घोडा कोणता?' असें कोणी विचारलें, तर जाणता मनुष्य उलट विचारील, 'कशासाठीं हवा? वरातीला, टांग्याला, कीं शर्यतीला?' छपाईचेंही तसेंच आहे. प्रत्येक पद्धतीला एक गुण आहे व त्या गुणाचीच दुसरी बाजू म्हणून एक दोषही आहे. तेव्हां आधीं या पद्धती ओळखून घेऊं, म्हणजे निवड सोपी होईल.

पहिली पद्धत खिळ्यांची. शिशाच्या मिश्रधातूचे उलट्या अक्षरांचे खिळे जुळवावयाचे, त्यांच्या उंच माथ्यावर शाई फिरवावयाची आणि कागद त्यांवर दाबावयाचा, ही ती पद्धत. मराठी ग्रंथांची मोठी परंपरा या खिळ्यांवर उभी राहिली. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या खिळ्यांचें सुबक वळण मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत भरून राहिलें. मराठी जुळाऱ्याचें काम इंग्रजी जुळाऱ्याहून फार अवघड असे, कारण काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरें मिळून त्याच्यापुढें शेंकडों घरांची पेटी मांडलेली असे. तो काळ आतां मागें पडला. पायानें चालवावयाचीं ट्रेडल यंत्रें पुष्कळ छापखान्यांत निघून गेलीं, आणि जेथें राहिलीं आहेत तेथें पावत्यांवर क्रमांक घालणें, घडीची रेघ पाडणें असलीं कामें करतात. परंतु मोठ्या शहरांतून हौशी व जाणत्या मुद्रकांनीं ही पद्धत कार्डांपुरती पुन्हां उचलली आहे. आतां खिळे जुळवीत नाहींत. संगणकावर मांडलेल्या मजकुरावरून उठावाच्या अक्षरांची प्लॅस्टिकसारखी पाटी तयार करतात आणि ती जुन्या यंत्रावर चढवितात. जाड, मऊ, कापसाच्या लगद्याच्या कागदावर असें कार्ड छापलें म्हणजे अक्षर कागदांत किंचित् रुतून बसतें, व बोट फिरवितांच तें जाणवतें. यांतली एक मौज सांगण्यासारखी आहे. जुने कसबी मुद्रक कागदावर दाब मुळींच दिसूं नये याची खबरदारी घेत. मागच्या बाजूनें अक्षराचा उठाव लागला तर तो कच्चेपणा समजला जाई. आज तोच रुतवा पाहून लोक जादा दाम मोजतात. या पद्धतीची मर्यादा अशी कीं, रंगीत छायाचित्र हिच्यांत शोभत नाहीं, मोठा भरीव रंग एकसारखा बसत नाहीं, आणि प्रत्येक रंगासाठीं कागद पुन्हां यंत्रांतून काढावा लागतो. नांव, हुद्दा, पत्ता एवढाच मजकूर एका शाईंत हवा असेल, तर हिच्यासारखी खानदानी छपाई दुसरी नाहीं.

दुसरी पद्धत शिळेची आणि तिच्या पोटीं जन्मलेली ऑफसेटची. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहींत, या साध्या गोष्टीवर बव्हेरियांत सेनेफेल्डर यानें १७९६ च्या सुमारास शिळाछाप बसविला. दगडावर चरबीयुक्त शाईनें लिहावयाचें, दगड ओला करावयाचा आणि मग त्यावर शाई फिरवावयाची. शाई लिहिलेल्या जागींच चिकटते, ओल्या जागीं चिकटत नाहीं. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मराठी पंचांग छापलें तें शिळाछापावरच, आणि राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईस काढलेल्या छापखान्यांतून देवादिकांचीं रंगीत चित्रें घरोघर गेलीं तींही शिळेवरूनच. पुढें दगडाची जागा धातूच्या पातळ पत्र्यानें घेतली, आणि पत्र्यावरची शाई आधीं रबराच्या पट्ट्यावर व तेथून कागदावर उतरूं लागली. हीच ऑफसेट छपाई. आज हजारांच्या संख्येनें निघणारीं बहुतेक कार्डें या पद्धतीचीं असतात. रेषा स्वच्छ, रंग हवे तितके, वेग मोठा आणि संख्या वाढली कीं दर उतरतो.

मात्र ऑफसेटच्या स्वस्ताईंत एक मेख आहे, ती गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाहीं. एका मोठ्या तावावर मुद्रक दहावीस निरनिराळ्या लोकांचीं कार्डें शेजारीं शेजारीं लावतो. त्यामुळें प्रत्येकाचा खर्च वांटला जातो हें खरें; परंतु शेजारच्या कार्डावर गडद तांबडा रंग भरपूर असला, तर यंत्रावरची शाई त्याच्या मानानें सोडली जाते आणि आपला फिका केशरी उगाच तांबूस होतो. ज्याच्या दुकानाचा रंग ठरलेला आहे, त्यानें आपला ताव निराळा छापून घ्यावा व थोडे पैसे अधिक द्यावे. ज्याचें कार्ड केवळ काळ्या अक्षरांचें आहे, त्याला या भागीदारीपासून फारशी भीति नाहीं.

काळ्या अक्षरांवरून आणखी एक सूचना आठवली. संगणकावर काम करणारा पुष्कळ वेळां काळा रंग चारही शाया मिसळून बनवितो. चारी पत्रे तंतोतंत एकमेकांवर बसले तर ठीक. पण केसभर जरी सरकले, तरी अक्षराच्या कडेला निळी-तांबडी झांक येते. इंग्रजी अक्षरांत ती एखादे वेळीं खपून जाते. आपल्या लिपींत डोक्यावरून सलग शिरोरेखा जाते, आणि सगळा शब्द त्या एका रेषेला लोंबकळत असतो. ती रेषाच दुहेरी दिसूं लागली, तर वाचणाराच्या डोळ्यांना शीण होतो. म्हणून अक्षरें एकट्या काळ्या शाईंतच छापावीं, असें मुद्रकाला आवर्जून सांगावें. यासाठीं एक पैसाही जास्त पडत नाहीं.

तिसरी पद्धत जाळीची, जिला सर्वत्र स्क्रीन प्रिंटिंग म्हणतात. चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळींतून रबराच्या फळीनें शाई दाबून खालच्या कागदावर उतरवितात. तालुक्याच्या गांवीं लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानांतून ही कला हमखास आढळते. शाईचा थर जाड बसतो, म्हणून काळ्या किंवा गर्द निळ्या कागदावर पांढरें, पिवळें, रुपेरी अक्षर उठवावयाचें असेल, तर ही पद्धत उत्तम. पण फार बारीक रेषा जाळींत अडखळतात. अनुस्वाराचा टिंब, 'श्र' मधील तिरपी रेघ, 'क्ष' चा पोटभाग हीं भरून जाण्याचा संभव असतो. या पद्धतीनें छापावयाचें तर अक्षर मोठें व जाड ठेवावें.

चौथी पद्धत खोदकामाची. हिच्यांत अक्षर उठावाचें नसून तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यांत कोरलेलें असतें. शाई त्या खांचेंत भरतात, पृष्ठभाग पुसून काढतात आणि प्रचंड दाबाखालीं कागद खांचेंत उतरवितात. युरोपांत भेटीला जातांना नांवाची चिठी आंत पाठविण्याची रीत पडली, तेव्हां बड्या घराण्यांचीं कार्डें अशींच छापलीं जात. ही छपाई पाहावयास कोठें लांब जाणें नको. आपल्या खिशांतील शंभरांची किंवा पांचशेंची नोट काढावी आणि महात्मा गांधींच्या चित्रावरून अलगद नख फिरवावें. जो खरखरीत उठाव लागतो तो याच छपाईचा. नाशिकरोड येथें १९२८ सालीं सरकारी नोटांचा छापखाना निघाला, आणि ही कला आपल्या उत्तर महाराष्ट्राच्या अगदीं उंबरठ्यावर येऊन बसली. सामान्य कार्डासाठीं मात्र ही पद्धत फार खर्चाची आहे व ती करणारे मुद्रकही विरळा. म्हणून तिची एक नक्कल बाजारांत चालते : ओल्या शाईवर राळेसारखी पूड टाकून ती तापवितात, म्हणजे ती वितळून फुगते आणि अक्षर उंच व चकचकीत दिसतें. नक्कल वाईट नाहीं, पण ती अस्सलाच्या भावानें मात्र घेऊं नये. ओळखण्याची खूण सोपी आहे. कार्ड उलटें करून पाहावें : खऱ्या खोदकामाच्या छपाईंत अक्षराच्या मागें कागद किंचित् खोल दबलेला असतो, नकलेंत मागची बाजू सपाट असते.

पांचवी सोनेरी पन्नीची. तापलेल्या धातूच्या ठशानें रंगीत पन्नी कागदावर चिकटवितात. एखादें बोधचिन्ह, एखादें मोठें आद्याक्षर यांना ती फार शोभते. परंतु बारीक मजकूर सोन्यांत छापण्याचा मोह टाळावा. मात्रा आणि रफार एकमेकांना चिकटतात, आणि कार्ड उजेडाकडे धरलें कीं अक्षर चमकतें पण वाचवत नाहीं. मोबाइलनें टिपावयाची ती काळ्या-पांढऱ्या चौकटींची खूण तर पन्नींत कधींच छापूं नये. तिला काळें आणि पांढरें यांतला भेद स्पष्ट लागतो, आणि चकाकणारी पन्नी तोच बिघडविते.

सहावी संगणकावरून थेट उतरणारी डिजिटल छपाई. हिला पत्रा लागत नाहीं कीं ठसा लागत नाहीं, त्यामुळें पन्नास कार्डें छापलीं काय किंवा शंभर छापलीं काय, आरंभीचा मोठा खर्च नाहीं. हा हिशेब नीट ध्यानांत यावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेतों. समजा, पत्रे व मांडणी यांस एक हजार रुपये पडले. शंभरच कार्डें काढलीं तर प्रत्येक कार्डाच्या डोक्यावर दहा रुपये बसतात. दोन हजार काढलीं तर अवघे आठ आणे. म्हणून थोड्या कार्डांना डिजिटल आणि पुष्कळांना ऑफसेट, हा साधा नियम. नवा धंदा सुरू करणारानें, ज्याचा पत्ता अथवा फोन अजून बदलण्याचा संभव आहे त्यानें, डिजिटलचीं पन्नास कार्डें घ्यावीं. खरबरीत किंवा हातकागदावर मात्र ही शाई कांहीं वेळां नीट बसत नाहीं. एक नमुना काढून पाहिल्याशिवाय होकार देऊं नये.

पद्धती झाल्या. आतां निवडीचा क्रम. बहुतेक लोक पद्धत आधीं ठरवितात, मग कागद, मग अक्षर, आणि मजकुराकडे सर्वांत शेवटीं पाहतात. माझ्या मतें हा क्रम नेमका उलटा करावयास हवा. आधीं मजकूर, मग अक्षर, मग कागद, मग संख्या. एवढें ठरलें कीं पद्धत आपोआप ठरते.

मजकुरांत कार्ड घेणाराला उपयोगी पडेल तेवढेंच असावें. आपण भूषविलेलीं सर्व पदें त्या तीन बोटांच्या जागेंत कोंबलीं, म्हणजे मूळ नांवच गर्दींत हरवतें. आमच्या बाजारापुरती तर एक फार महत्त्वाची गोष्ट आहे, ती आंकड्यांची. मराठी एक हा आंकडा केवळ इंग्रजी आंकडे वाचणाराला नऊसारखा दिसतो, आणि मराठी चार हा आठसारखा. पंजाबांतून आलेल्या गिऱ्हाइकानें घरीं जाऊन फोन लावला आणि तो भलत्याच घरीं वाजला, तर दोष कोणाचा? यासाठीं परप्रांतीयांशीं व्यवहार करणारानें फोनचा क्रमांक दोन्ही आंकड्यांत छापावा, आणि तो इतर मजकुराहून ठळक ठेवावा. इतका साधा विचार कोणत्याही सोनेरी पन्नीहून अधिक मोलाचा आहे.

अक्षराच्या बाबतींत आपल्या लिपीचा मान राखावा. इंग्रजी मजकूर ज्या लहान आकारांत वाचतां येतो, त्याच आकारांत मराठी मजकूर वाचतां येत नाहीं; कारण आपल्या ओळीला वर मात्रा व रफार आणि खालीं उकार यांसाठीं जागा सोडावी लागते, व मधलें मूळ अक्षर त्या मानानें लहान होतें. तेव्हां इंग्रजीपेक्षां मराठी अक्षर दोन-तीन पॉइंट मोठें घ्यावें, आणि ओळींत अंतर सोडावें. मजकूर मंजूर करण्यापूर्वीं प्रूफ कागदावर मागून घ्यावें, पडद्यावर पाहून समाधान मानूं नये. आणि आपण तपासल्यावर घरांतील दुसऱ्या कोणाकडून तें मोठ्यानें वाचून घ्यावें. एक रफार गळला तर नांवाचा अर्थ बदलतो, आणि हजार कार्डें छापून झाल्यावर तो परत घालतां येत नाहीं.

कागदाचें वजन चौरस मीटरला किती ग्रॅम, अशा मापानें सांगतात. कार्डाला तीनशे ग्रॅमच्या आसपासचा कागद पुरेसा ताठ असतो. नऊ सेंटिमीटर लांब व साडेपांच सेंटिमीटर रुंद असें कार्ड त्या कागदाचें केलें, तर त्याचें वजन सुमारें दीड ग्रॅम भरतें. त्याहून जाड कागद हवा असेल तर अवश्य घ्यावा, पण पाकिटांत मावतो कीं नाहीं तेंही पाहावें. हातकागदाची आवड असणारांना महाराष्ट्रांत परंपरा धुंडाळावी लागत नाहीं. जुन्नर आणि दौलताबादेजवळील कागजीपुरा हीं गांवें हातकागदासाठीं पूर्वींपासून प्रसिद्ध आहेत, आणि पुण्याची हातकागद संस्था १९४० सालची आहे. अशा कागदावर खिळ्यांची किंवा जाळीची छपाई खुलून दिसते.

लेपाविषयीं एक व्यवहाराची गोष्ट. प्लॅस्टिकचा चकचकीत लेप दिल्यानें कार्ड धुळीपासून व घामापासून वांचतें हें खरें, परंतु त्यावर शाईच्या लेखणीनें लिहितां येत नाहीं; लिहिलें तर पुसून जातें. आणि यात्रेंत तर कार्डाच्या पाठीवर लिहिण्याचीच गरज अधिक. घोड्याचें वय, ठरलेला भाव, दिलेला विसार, खुराकाची माहिती असें काय काय त्या पाठीवर टिपलें जातें! म्हणून पाठ कोरी आणि बिनलेपाची ठेवावी. ज्या पाठीवर विकणाराच्या हातचें अक्षर आहे, तें कार्ड गिऱ्हाइक जपून ठेवतो; नुसतें छापील कार्ड कोठेंतरी पडून राहतें.

एवढा विचार केल्यावर निवड कशी सुलभ होते पाहा. यात्रेंत हजारभर कार्डें वांटणाऱ्या घोड्यांच्या व्यापाऱ्यानें बिनलेपाच्या ताठ कागदावर एका किंवा दोन रंगांची ऑफसेट छपाई घ्यावी. वकील, वैद्य, ग्रंथकार अशांना, ज्यांचीं कार्डें थोडीं व विचारपूर्वक दिलीं जातात, खिळ्यांच्या धर्तीची छपाई व कापसाचा कागद शोभेल. सराफानें पन्नी वापरावी, पण चिन्हापुरती. नुकतेंच दुकान घालणाऱ्या तरुणानें डिजिटलचीं पन्नास कार्डें घेऊन धंदा स्थिरावूं द्यावा, आणि वांचलेले पैसे मालांत घालावे. गडद रंगाच्या कागदाची हौस असेल त्यानें जवळच्या लग्नपत्रिकावाल्याकडे जावें. त्याच्या हातांतली जाळी शहराच्या जाळीहून कमी प्रतीची आहे असें समजूं नये.

उंची छपाई म्हणजे महाग छपाई असा समज फार पसरलेला आहे. कार्डाचा उंचीपणा मला तरी दुसऱ्या कसोटीवर घासून पाहावासा वाटतो. तें देऊन वर्ष लोटलें, पाकिटांत तें चुरगळलें, घामानें भिजलें, कडा झिजल्या. तरी अनोळखी मनुष्याला त्यावरचें नांव बिनचूक वाचतां आलें आणि त्या क्रमांकावर त्याच नांवाचा मनुष्य बोलला, तर तें कार्ड उत्तम छापलें गेलें. आपल्या शब्दाला जो जागणार आहे, त्यानें आपलें नांव वाचतां येईल अशा रीतीनें छापावें, हें त्या शब्दाचेंच देणें आहे.